शिष्यवृत्ति आणि चित्तवृत्ति

‘वृत्ति’ हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं नांदतो. एक अर्थ उपजीविका, निर्वाहाचें साधन. दुसरा अर्थ मनाचा व्यापार. पहिल्या अर्थानें आपण ‘शिष्यवृत्ति’ म्हणतों, दुसऱ्या अर्थानें ‘चित्तवृत्ति’. आज ज्या विद्यार्थ्याविषयीं बोलावयाचें आहे त्याच्या आयुष्यांत हे दोन अर्थ एकमेकांच्या आड येऊन उभे राहतात. त्याची चित्तवृत्ति एके ठिकाणीं ठरत नाहीं म्हणून त्यास शिष्यवृत्तीचा आधार अधिक हवा, आणि नेमक्या त्याच कारणानें ती मिळविणें त्यास अधिक कठीण. वैद्यकशास्त्र या अवस्थेस ए. डी. एच. डी. म्हणतें. अवधान टिकत नाहीं, हातीं घेतलेलें काम अर्ध्यावर राहतें, वेळेचा अदमास चुकतो, आणि पुष्कळदां शरीरहि स्वस्थ बसत नाहीं, असें तिचें थोडक्यांत वर्णन करतां येईल. अशा मुलाची बुद्धि कमी असते असें मात्र मुळींच नाहीं.

हा प्रश्न कोठल्या तरी दूरदेशींचा आहे असें कोणास वाटूं नये, म्हणून तो एका ओळखीच्या ठिकाणीं नेऊन पाहूं. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या गाडीनें विठ्ठलवाडी मागें टाकली कीं उल्हासनगर स्टेशन लागतें. त्याच्या परिसरांत कॅम्प नंबर ३ आहे. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यासाठीं कल्याणजवळ ज्या छावण्या उभारण्यांत आल्या, त्यांतलीच ही एक. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांस या छावण्यांच्या बराकींतून आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसून कल्याण कॅम्पाचें उल्हासनगर झालें. या लोकांचें घर गेलें, दुकान गेलें, आणि पुष्कळांचे शाळा-कॉलेजांतले दाखलेहि तिकडेच राहिले. तरी पोटापाण्याची सोय लागतांच त्यांनीं शिक्षणाची सोय केली. १९६१ त तलरेजा कॉलेज व १९६५ त चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज, हीं दोन्ही कॅम्प नंबर ३ मध्येंच निघालीं. यांपैकीं चांदीबाई कॉलेज ज्या मंडळाचें, त्याचें मूळ सिंधमधील हैदराबादेस. तेथें १९२२ त निघालेलें नॅशनल कॉलेज फाळणींत मागें राहिलें, तेव्हां त्याच्या चालकांनीं १९४९ त वांद्र्यास नवें कॉलेज उभें केलें. सांगावयाचें तें इतकेंच कीं, कागद हरवला म्हणून माणसाची लायकी हरवत नाहीं, ही गोष्ट या वस्तीस कोणीं शिकवावयास नको.

शिष्यवृत्तीच्या बाबतींत पहिला प्रश्न नेहमीं एकच असतो: ती कोणास द्यावयाची, आणि त्याची लायकी कशावरून ओळखावयाची? महाराष्ट्रानें गेल्या तीनशें वर्षांत या प्रश्नाचीं जीं निरनिराळीं उत्तरें दिलीं, तीं क्रमानें पाहिलीं म्हणजे आजची अडचण उमजूं लागते.

पहिलें उत्तर पेशवाईंतील. सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं श्रावणमासांत विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा देण्याचा परिपाठ पाडला. पुढें पेशव्यांनीं तो पुण्यास चालविला, आणि पर्वतीजवळच्या रमण्यांत दक्षिणेसाठीं दूरदूरचे ब्राह्मण जमूं लागले. येथें विद्येचा मान होता, परंतु दाराशींच जातीची चौकशी होती. इंग्रजी अंमल आल्यावर एल्फिन्स्टननें हा खर्च एकदम बंद केला नाहीं. त्यांतूनच १८२१ त विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली, आणि कालांतरानें मराठी ग्रंथांस बक्षिसें व हुशार विद्यार्थ्यांस ‘दक्षिणा फेलो’च्या जागा मिळूं लागल्या. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर हे दोघेहि असे दक्षिणा फेलो होते. रमण्यांत वांटली जाणारी रक्कम कॉलेजच्या वर्गापर्यंत येऊन पोंचली, हा बदल लहान नव्हे.

दुसरें उत्तर परीक्षेचें. मुंबई विद्यापीठ १८५७ त स्थापन झालें आणि १८५९ त पहिली मॅट्रिक्युलेशनची परीक्षा झाली. तेव्हांपासून लायकी मोजण्याचें माप म्हणजे गुण. मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति हें कित्येक पिढ्यांचें स्वप्न होतें. १९१२ त ती चिंतामणराव देशमुखांनीं मिळविली. तेच पुढें रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व देशाचे अर्थमंत्री झाले. परीक्षेनें एक मोठें काम केलें. दारावरची जातीची चौकशी तिनें, निदान नियमापुरती तरी, काढून टाकली. ही परंपरा आजहि चालू आहे. केंद्र सरकारनें २००८ त कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीं जी शिष्यवृत्ति सुरू केली, ती बारावीच्या परीक्षेंत वरच्या वीस टक्क्यांत येणाऱ्या, व बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठींच आहे.

परंतु परीक्षेंतील समता ही पुरती समता आहे काय? या प्रश्नाकडे महात्मा जोतिराव फुले यांनीं १८८२ त हंटर कमिशनपुढें सादर केलेल्या निवेदनांत बोट दाखविलें होतें. चढाओढीनें शिष्यवृत्त्या देणें हें एका दृष्टीनें न्याय्य असलें, तरी ज्या वर्गांत शिक्षण पोंचलेंच नाहीं त्यांच्यांत तें या मार्गानें पसरणार नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नियम सर्वांस सारखा लावला म्हणजे न्याय झाला, या समजुतीस महाराष्ट्रांत मिळालेला हा फार जुना व फार नेमका आक्षेप आहे. तो त्यांनीं जातीच्या संदर्भांत घेतला. परंतु त्याचा पल्ला त्याहून लांबचा आहे, हें पुढें दिसेल.

तिसरें उत्तर गरजेचें. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठीं वसतिगृहें उघडलीं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं होतकरू मुलांस पैसा पुरविला, परदेशीं पाठविलें. त्यांतलें एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्याच्या तपशिलाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. चर्नी रोडच्या बागेंत वाचत बसणारा शाळकरी भीमराव आंबेडकर केळुसकर गुरुजींनीं हेरला. पुढें कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना, तेव्हां गुरुजींच्याच खटपटीनें सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. १९१३ त अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठासाठीं दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांच्या मुदतीनें, मंजूर झाले. आणि त्याच्या मोबदल्यांत दहा वर्षें बडोदा सरकारची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हां लंडनचा अभ्यास अपुरा होता. १९१७ त स्वदेशीं परतावें लागलें. परंतु चार वर्षांच्या आंत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडनच्या विद्यापीठानें दिली होती. आणि स्वतःची बचत, शाहू महाराजांचें साहाय्य व एका मित्राचें कर्ज एवढ्या बळावर ते १९२० त तेथें पुन्हा गेले.

या हकीकतींत तीन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, शोधून काढणारें व हात धरून दारापर्यंत नेणारें एक माणूस. दुसरी, काय द्यावयाचें व काय घ्यावयाचें हें स्वच्छ लिहून ठेवलेला कागद. तिसरी, मध्यें खंड पडला तरी उघडें राहिलेलें दार. एवढ्या असामान्य पुरुषासहि या तीन गोष्टींवांचून चाललें नाहीं, तेथें सामान्य मुलाची काय कथा! १९४४ त हिंदुस्थान सरकारनें अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति सुरू केली, तेव्हां आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत होते. राजाच्या मर्जीवर मिळणारी मदत तेथून नियमांत उतरली. लाभ पुष्कळ वाढला. मात्र केळुसकर गुरुजींची जागा नियमांत कोठेंच लिहिलेली नव्हती.

चौथें उत्तर शरीराच्या वा मनाच्या अक्षमतेचें. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ते एकवीस केले, आणि त्यांत स्वमग्नतेस, तसेंच वाचन, लेखन व गणित यांच्या आड येणाऱ्या विशिष्ट अध्ययन अक्षमतेस स्थान दिलें. ज्याची अक्षमता चाळीस टक्के वा त्याहून अधिक ठरते, त्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील पांच टक्के राखीव जागा, प्रवेशाच्या वयांत पांच वर्षांची सवलत, आणि दिव्यांगांसाठीं ठेवलेल्या सरकारी शिष्यवृत्त्या यांचा मार्ग मोकळा होतो. महाराष्ट्र तर या बाबतींत आधींच पुढें होता. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांस परीक्षेंत सवलती देण्यास येथें १९९६ तच आरंभ झाला. परंतु त्या एकवीस नांवांच्या यादींत ए. डी. एच. डी. चें स्वतंत्र नांव नाहीं. म्हणजे ज्या मुलास केवळ हाच त्रास आहे, तो परीक्षेच्या मापानें मागें पडतो आणि अक्षमतेच्या मापांत बसत नाहीं. दोन दारांमधल्या ओट्यावर तो उभा राहतो.

ही अवस्था कालपरवां सांपडली म्हणून यादींतून राहून गेली, असेंहि म्हणतां येत नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत, १७९८ त, स्कॉटलंडचे वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनीं अवधान न ठरण्याच्या विकाराचें वर्णन लिहून ठेवलें आहे. १९०२ त लंडनचे बालवैद्य जॉर्ज स्टिल यांनीं, बुद्धि शाबूत असूनहि स्वतःस आवरतां न येणाऱ्या मुलांविषयीं व्याख्यानें दिलीं. १९३७ त अमेरिकेंतील चार्ल्स ब्रॅडली यांना असें आढळलें कीं, एका उत्तेजक औषधानें कांहीं चंचल मुलें उलट शांत होऊन अभ्यास करूं लागतात. १९८० त अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांनीं या विकारास अवधानाच्या नांवानें ओळखलें, आणि १९८७ त आजचें नांव रूढ केलें. या इतिहासांतली एक गोष्ट बोलकी आहे. स्टिल यांनीं या दोषास नैतिक संयमाचा अभाव म्हटलें होतें. शास्त्रानें तो शब्द केव्हांच सोडला. परंतु आपल्या घरांतून व वर्गांतून तो अजून गेलेला नाहीं. ‘हुशार आहे, पण आळशी आहे,’ ‘मनांत आणलें तर करील,’ हीं वाक्यें अशा मुलानें किती वेळां ऐकलेलीं असतात! आणि ज्यास आपण आळशी ठरविलें त्यास शिष्यवृत्ति देण्याचा विचार कोणाच्या मनांत येणार?

परदेशांत या प्रश्नाची दोन प्रकारें सोडवणूक झाली, तीहि पाहण्यासारखी आहे. अमेरिकेंत १९७३ च्या एका कायद्यानें सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांस अपंगत्वावरून भेदभाव करण्याची बंदी झाली, आणि ए. डी. एच. डी. असलेलीं शाळेंतील मुलेंहि या कायद्याचें संरक्षण मागूं शकतात असा खुलासा तेथील शिक्षणखात्यानें १९९१ त केला. हा झाला हक्काचा मार्ग. दुसरा मार्ग खाजगी देणगीचा. या विकारावरील औषधें करणाऱ्या शायर नांवाच्या कंपनीनें २०११ त अशा विद्यार्थ्यांसाठीं कॉलेजची शिष्यवृत्ति काढली. तींत २,००० डॉलरांबरोबर आणखी एक गोष्ट मिळे: वर्षभर विद्यार्थ्याच्या कामाची आंखणी करून देणारा, त्यास आठवण देणारा एक मार्गदर्शक. औषधांच्या कंपनीचा हेतु निव्वळ परोपकाराचा असेल असें मानण्याचें कारण नाहीं; परंतु योजना आंखणाऱ्यास रोग नीट समजला होता हें खरें. नुसत्या पैशानें या मुलाचें काम भागत नाहीं, हें त्यानें ओळखलें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर त्यानें शिष्यवृत्तीबरोबर एक केळुसकर गुरुजीहि दिला.

आतां पुन्हा कॅम्प नंबर ३ मध्यें येऊं. तेथल्या कॉलेजांत शिकणाऱ्या अशा मुलापुढें आज कोणते मार्ग आहेत? पहिला मार्ग उत्पन्नाचा व सामाजिक प्रवर्गाचा. राज्य सरकारच्या ‘महाडीबीटी’ या एकाच ठिकाणीं अनेक खात्यांच्या योजनांचे अर्ज होतात. त्यांतली राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजना कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्यांसाठीं आहे, आणि अनुसूचित जाति, जमाति व इतर मागास वर्ग यांच्या योजना वेगळ्या आहेत. येथें मनाच्या अवस्थेची चौकशीच नसते. म्हणून दिव्यांगाचा दाखला नाहीं एवढ्यावरून निराश होऊन हें दार न ठोठावणें, ही मोठी हानि होय. दुसरा मार्ग वैद्यकीय तपासणीचा. ए. डी. एच. डी. बरोबर अध्ययन अक्षमताहि असणें हें वारंवार आढळतें, आणि ती तर यादींत आहे. म्हणून केवळ चंचलतेवर न थांबतां वाचन, लेखन व गणित यांची रीतसर तपासणी करून घ्यावी. मुंबईस शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांतून या कामाचा अनुभव पुष्कळ वर्षांचा आहे. अक्षमता खरोखरच निघाली तर दिव्यांगाचें ओळखपत्र काढून त्या शिष्यवृत्तीसाठीं अर्ज करतां येतो. निघाली नाहीं, तर कोणाच्या सांगण्यावरून खोटा दाखला मात्र मिळवूं नये. तो खऱ्या गरजवंताचा घास काढून घेतो, आणि घेणाऱ्याच्या मानेवर जन्मभर टांगलेला राहतो. तिसरा मार्ग कॉलेजांच्या स्वतःच्या निधींचा व खाजगी न्यासांचा. त्यांना सरकारी यादीचें बंधन नसतें. डॉक्टरांचें पत्र, शिक्षकांची शिफारस आणि स्वतःच्या अडचणीचें सरळ निवेदन यांचा तेथें विचार होऊं शकतो.

मार्ग आहेत, परंतु त्या मार्गांवर चालावयाचें कसें? अर्जास काय काय लागतें तें पाहा. तहसील कार्यालयांतून उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, मागील गुणपत्रिका, फीची पावती, आधारशीं जोडलेलें बँकखातें. हें सर्व मुदतीच्या आंत चढवावयाचें. कॉलेजनें तपासून वर पाठवावयाचें. एखादी त्रुटि निघून अर्ज माघारीं आला तर ती वेळेंत पुरी करावयाची. आणि पुढल्या वर्षीं नूतनीकरणासाठीं पुन्हा अर्ज करावयाचा. यांतली एकहि गोष्ट अवघड नाहीं. परंतु अनेक लहान कामें एकत्र ध्यानांत ठेवणें, तारखा पाळणें, कंटाळवाणें काम शेवटास नेणें, या गोष्टी ज्या मुलाच्या मनास साधत नाहींत, त्याच्याचकडून आपण या मागतों. गरज मोजण्यासाठीं केलेला अर्ज अशा रीतीनें अवधानाची परीक्षा घेऊं लागतो. फुल्यांचा १८८२ चा आक्षेप येथें शब्दशः लागू पडतो. अर्ज सर्वांस सारखा आहे, म्हणून न्याय सारखा झाला असें होत नाहीं. वेळेवर न आलेल्या अर्जाची नोंद कोठेंहि ‘गरीब पण विसरभोळा’ अशी होत नाहीं. ती ‘अर्ज केला नाहीं’ एवढीच होते, आणि पाहणारास वाटतें कीं गरजच नसावी.

कायद्याच्या यादींत या अवस्थेस स्थान द्यावें कीं न द्यावें, यावर तज्ज्ञांचा वाद चालेल. अवस्था कोणास सौम्य असते, कोणास तीव्र. तिचें टक्क्यांत माप काढणें सोपें नाहीं. परंतु त्या निर्णयाची वाट न पाहतां पुष्कळ कांहीं करतां येण्यासारखें आहे, आणि तें करण्यास मघांच्या तीन गोष्टीच पुरेशा आहेत.

पहिली, माणूस. प्रत्येक कॉलेजांत एक प्राध्यापक वा एक कारकून असा असावा कीं, ज्याच्याकडे अशा चार-दहा मुलांचीं नांवें आहेत व मुदतीपूर्वीं पंधरा दिवस जो त्यांना बोलावून घेतो. घरांत हें काम थोरली बहीण, मामा किंवा वर्गमित्रहि करूं शकेल. मात्र त्यानें मुलास टोंचून बोलूं नये. शेजारीं बसून अर्ज पुरा करवून घ्यावा. दुसरी, कागद. सर्व दाखल्यांच्या प्रती एकाच फाइलींत असाव्यात, पहिल्या पानावर तारखांचा एकच तक्ता असावा, आणि आठवड्यांतला एक ठराविक तास त्याच कामास द्यावा. अर्ज सुरू होतांच पहिल्या आठवड्यांत भरावा. शेवटचा आठवडा त्रुटींसाठीं राखावा. तिसरी, उघडें दार. एखादें वर्ष वाया गेलें तर शिष्यवृत्ति तुटावी, असे नियम पुष्कळ ठिकाणीं आहेत. ते करणारांनीं एवढें आठवावें कीं, लंडनच्या विद्यापीठानें चार वर्षें दार उघडें ठेवलें नसतें तर काय झालें असतें. खंड आणि त्याग या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

विद्यार्थ्यानें स्वतःविषयीं किती सांगावें, हा प्रश्न नाजूक आहे. सर्वांस सर्व सांगण्याची गरज नाहीं. परंतु जो मदत करणार त्यास खरें सांगावें, हें हिताचें. डॉक्टरकडे जाण्यांत कमीपणा नाहीं, आणि मदत मागण्यांत तर नाहींच नाहीं.

पर्वतीच्या रमण्यापासून महाडीबीटीपर्यंत आपण आलों. प्रत्येक टप्प्यावर दार थोडें अधिक रुंद झालें, आणि प्रत्येक वेळीं तें रुंद होण्यापूर्वीं कोणी तरी विचारलें होतें कीं, बाहेर कोण राहिलें? तोच प्रश्न आज पुन्हा विचारावयास हवा. ज्या वस्तीनें हरवलेल्या कागदांनिशीं आयुष्य पुन्हा मांडलें, त्या वस्तींतल्या एखाद्या मुलाचें शिक्षण एका राहून गेलेल्या दाखल्यापायीं थांबावें, हें कोणासहि शोभणारें नाहीं. अर्जाची पुढची मुदत येईल तेव्हां आपल्या शेजारच्या अशा एका मुलास आठवणीनें विचारा, आणि त्याचा अर्ज पुरा होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.